मुंबईच्या टोळ्यांवरचे सिनेमे: खरं किती, रचलेलं किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबईच्या अंडरवर्ल्डवरचा एखादा सिनेमा ओटीटीवर आला, की तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे अडचणीचे. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी कळावं अशी मांडणी आहे. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सिनेमांचे शेवट सरळ सांगितले आहेत, त्याला इलाज नाही. गफलत बहुतेक शेवटातच असते.

१. 'सत्य घटनेवर आधारित' असं पडद्यावर आलं, की सिनेमा खरा धरायचा का?

नाही. या ओळीची कायद्यात ठरलेली व्याख्या नाही. किती भाग खरा असला म्हणजे 'आधारित' आणि किती असला म्हणजे 'प्रेरित', हे कुणी मोजत नाही. ती ओळ जाहिरातीचा भाग असते. एक तारीख, एक इमारत आणि एक टोपणनाव खरं असलं तरी ती लावता येते. या बाबतीत 'शूटआउट अॅट लोखंडवाला'ची (२००७) जाहिरात जास्त प्रामाणिक होती. तिच्यावर 'बेस्ड ऑन ट्रू रूमर्स' असं लिहिलं होतं. खऱ्या अफवांवर आधारित! या प्रकारच्या निम्म्या सिनेमांना हीच ओळ शोभली असती.

२. मग त्याच सिनेमाच्या सुरुवातीला 'सर्व पात्रं काल्पनिक आहेत' असंही का लिहितात?

कोर्टकचेरी टाळायला. एक ओळ प्रेक्षकाला खेचते, दुसरी वकिलाला थोपवते. बदनामीचा दावा जिवंत माणूस लावू शकतोच. शिवाय मेलेल्या माणसावर केलेला आरोप त्याच्या घरच्यांना दुखवण्याच्या हेतूने केला असेल, तर तोही फौजदारी बदनामीत मोडू शकतो. हे जुन्या दंडसंहितेत होतं आणि नव्या न्याय संहितेतही आहे.

दुसऱ्या बाजूला १९९४ चा ऑटो शंकर खटला आहे. तमिळनाडूतल्या या फाशीच्या कैद्याच्या आत्मचरित्रावरून वाद झाला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की न्यायालयाच्या कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींमधून जे समजतं, ते छापायला त्या माणसाची परवानगी लागत नाही. त्यापलीकडे जाऊन खासगी आयुष्यात शिरलात, तर मात्र जबाबदारी तुमची. म्हणजे खटल्यातलं दाखवणं सुरक्षित आणि बेडरूममधलं दाखवणं धोक्याचं. सिनेमाला हवं असतं नेमकं उलटं, म्हणून मग नावं बदलली जातात.

३. कुठलं पात्र म्हणजे खरा कोण, हे एकदा सांगून टाका.

निर्मात्यांनी कबूल केलेलं वेगळं आणि लोकांनी ओळखलेलं वेगळं, हे आधी लक्षात घ्या. 'नायकन'मधला वेलू नायकर मुंबईतला डॉन वरदराजन मुदलियार याच्यावरून घेतल्याचं मणिरत्नम यांनी स्वतः सांगितलं आहे. 'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई'तल्या सुलतान मिर्झात लोकांना तस्कर हाजी मस्तान दिसला आणि शोएबमध्ये दाऊद. 'शूटआउट अॅट वडाला'तला दिलावर हक्सर आणि 'डॅडी'तला मकसूद हेही दाऊदच. 'गंगूबाई काठियावाडी'तला रहीम लाला म्हणजे डॉन करीम लाला. 'कंपनी'तले मलिक आणि चंदू हे दाऊद-छोटा राजन जोडीवरून घेतलेले.

गंमत अशी, की वडाळ्याच्या सिनेमात टोळीप्रमुख मन्या सुर्वेचं नाव खरं ठेवलं आणि दाऊदचं बदललं. कोणाचं नाव बदलायचं हे सत्याच्या हिशेबाने ठरत नाही. त्रास कोण देऊ शकेल, या हिशेबाने ठरतं.

४. हाजी मस्तानला दाऊदने मारलं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर: नाही.

'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई'च्या (२०१०) शेवटी मस्तानसारखा दिसणारा सुलतान मिर्झा राजकारणात शिरण्याच्या उंबरठ्यावर असतो आणि भर सभेत दाऊदसारखा शोएब त्याला गोळ्या घालतो. प्रत्यक्षात हाजी मस्तान १९९४ मध्ये आजाराने गेला. तेव्हा मुंबईतले बॉम्बस्फोट होऊन वर्ष उलटलं होतं आणि दाऊद देश सोडून जवळजवळ दशक झालं होतं. राजकारणाचा भाग मात्र अगदीच हवेतला नाही. ऐंशीच्या दशकात मस्तानने जोगेंद्र कवाडे यांच्यासोबत दलित-मुस्लिम एकीच्या नावाने पक्ष काढला होता. तो फारसा चालला नाही. सिनेमाला असा शेवट चालत नाही, म्हणून गोळी.

बाकीचा सांगाडा ओळखीचा आहे. तमिळनाडूतल्या रामनाथपुरमकडून आलेला मुलगा, गोदीतली हमाली, मग सोनं आणि घड्याळांची तस्करी, पांढरे कपडे, आणीबाणीतला तुरुंगवास. पण 'त्याने कधी बंदूक हातात घेतली नाही', 'तो फक्त गरिबांसाठी जगला' या गोष्टी आख्यायिका म्हणूनच ऐकाव्यात. तस्करीचं साम्राज्य शिस्तीत चालतं ते कुणाच्या तरी धाकावर.

५. मग 'दीवार'मधला ७८६ चा बिल्लाही मस्तानचाच का?

तसं ठामपणे म्हणता येणार नाही. गोदीतला हमाल तस्कर होतो, एवढं साम्य आहे आणि तेवढ्यावर पन्नास वर्षं चर्चा चालली आहे. आईच्या मांडीवर देवळात मरण, इन्स्पेक्टर भाऊ आणि हातावरचं गोंदण ही सलीम-जावेदची करणी. 'दीवार' १९७५ चा. तेव्हा मस्तान जिवंत होता आणि वर्तमानपत्रांत गाजतही होता. एखाद्या माणसाची हवा घेणं वेगळं, त्याचं चरित्र सांगणं वेगळं.

६. 'नायकन'च्या शेवटासारखाच वरदराजनचाही खून झाला होता का?

नाही. आणि इथे तारखाच मजेशीर आहेत. 'नायकन' १९८७ च्या दिवाळीत लागला. त्यात वेलू नायकरला कोर्टाबाहेर गोळी लागते. खरा वरदराजन तेव्हा जिवंत होता. मुंबईत पोलिसांनी त्याच्या धंद्याची कोंडी केल्यावर तो मद्रासला निघून गेला होता. तिथेच जानेवारी १९८८ मध्ये तो हृदयविकाराने वारला. म्हणजे पडद्यावरचा माणूस खऱ्याच्या आधी मेला. पुढे आलेला 'दयावान' (१९८८) हा 'नायकन'चाच हिंदी रिमेक, त्यामुळे त्यातला शेवटही पुरावा म्हणून धरू नका.

धारावी-माटुंग्यातला त्याचा दबदबा, हातभट्टीचा धंदा आणि तमिळ वस्तीत अडल्यानडल्यांना मदत हे खरं. हातभट्टीने किती घरं बसवली, ते सिनेमात येत नाही.

७. वडाळ्याचं एन्काउंटर मुंबईतलं पहिलं होतं का?

तसं सांगायची पद्धत पडली आहे. ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्याच्या आंबेडकर कॉलेजजवळ मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. इन्स्पेक्टर इसाक बागवान आणि राजा तांबट ही नावं या कारवाईशी कायमची जोडली गेली. पोलिसांच्या गोळीने गुन्हेगार मरण्याची ही पहिलीच वेळ होती असं नाही. पण नाव असलेला टोळीप्रमुख, आखलेला सापळा आणि दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं हा साचा इथून घट्ट झाला. 'पहिलं' हे विशेषण तेवढ्याच अर्थाने घ्यावं.

'शूटआउट अॅट वडाला'त खरं काय? मन्या शिकलेला होता, दादरच्या कीर्ती कॉलेजातला. खुनात शिक्षा झाली आणि तो पोलिसांच्या ताब्यातून निसटला, हेही खरं. १२ फेब्रुवारी १९८१ ला प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊदचा भाऊ शब्बीर मारला गेला आणि त्या हत्येत मन्याचं नाव आलं. गाणी, प्रेमकथा आणि टाळ्याखाऊ संवाद कुठून आले ते सांगायची गरज नसावी. जखमी मन्या पोलीस गाडीत आपली कहाणी सांगतो, त्या चौकटीबद्दल प्रश्न १७ पाहा.

८. लोखंडवाला: पोलिसांनी खरंच अख्खी इमारत वेढली होती?

हो. १६ नोव्हेंबर १९९१, अंधेरीचं लोखंडवाला कॉम्प्लेक्स, स्वाती बिल्डिंग. अतिरिक्त आयुक्त आफताब अहमद खान यांच्या नेतृत्वाखाली भर दुपारी सुरू झालेला गोळीबार सुमारे चार तास चालला. दाऊदच्या टोळीतले माया डोळस, दिलीप बुवा आणि त्यांचे साथीदार मारले गेले. आजूबाजूच्या गच्च्यांवरून लोक बघत होते. 'शूटआउट अॅट लोखंडवाला'ने इथे फार वाढवलं नाही, कारण घटनाच आधीपासून सिनेमासारखी होती. खुद्द खान यांनी त्यात छोटी भूमिका केली आहे.

वाद आहेत ते वेढ्याच्या आधी आणि नंतर काय झालं याचे. टीप कुणी दिली? फ्लॅटमध्ये रोकड होती का? शरण यायची संधी दिली गेली होती का? दाऊदनेच आपली माणसं पोलिसांना दिली, ही चर्चा तेव्हापासून चालू आहे. पण चर्चा म्हणजे पुरावा नव्हे. सिनेमा या प्रश्नांना चौकशी करणाऱ्या वकिलाचं तोंड देतो आणि शेवटी कौल पोलिसांच्या पारड्यात टाकतो. तो कौल दिग्दर्शकाचा.

९. या सगळ्यांत तथ्याच्या सर्वांत जवळचा कुठला?

'ब्लॅक फ्रायडे'. १२ मार्च १९९३ च्या स्फोटमालिकेत २५७ माणसं गेली. तिच्या तपासावर एस. हुसेन झैदी यांनी पुस्तक लिहिलं आणि त्यावरून अनुराग कश्यपने सिनेमा केला. आरोपी टायगर मेमन, तपास अधिकारी राकेश मारिया, दाऊद ही सगळी नावं खरी ठेवली. आणि नेमकं तेच अंगाशी आलं. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष कोर्टातला खटला अजून चालू होता. 'निकालाआधीच आम्हाला दोषी दाखवलंय' म्हणून आरोपी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये प्रदर्शन थांबलं. विशेष न्यायालयाने आरोपी दोषी की निर्दोष हे जाहीर केल्यावर, फेब्रुवारी २००७ मध्ये सिनेमा लागला. आरोपींचा आक्षेप मला तरी हास्यास्पद वाटत नाही. पडद्यावर एकदा चेहरा दिसला, की न्यायाधीशाने नंतर काय म्हटलं ते कोण वाचतं?

यातही एक मेख आहे. ज्याच्या नजरेतून मोठा भाग दिसतो त्या बादशाह खानचं नाव खरं नाही. पुस्तकातच माफीच्या साक्षीदाराला दिलेलं ते बदललेलं नाव आहे. शिवाय कथेचा कणा पोलीस तपासाचा आहे. चौकशीतली मारहाण दाखवायला सिनेमा कचरत नाही, ही त्याची जमेची बाजू. तरी ही बव्हंशी फिर्यादी पक्षाची गोष्ट आहे, हे धरून पाहावा.

१०. 'सत्या' काल्पनिक असूनही इतका खरा का वाटतो?

कारण त्याला कुणाचं आयुष्य पुरं करायचं नव्हतं. त्यातल्या भिकू म्हात्रे या नावाचा खरा कुणी डॉन नव्हता. त्यात पोलीस आयुक्ताची हत्या होते, ती तर शुद्ध कल्पना; मुंबईच्या कुठल्याही आयुक्ताला टोळीने मारलेलं नाही. पण खोलीतली भांडणं, बायकोचा वैताग, बिल्डरकडची वसुली, फोनवरची 'पेटी' आणि 'खोका' ही लाख-कोटीची भाषा आणि पावसातली मुंबई हे सगळं १९९८ च्या प्रेक्षकाला ओळखीचं होतं. आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९९७ मध्ये, गुलशन कुमार यांचा अंधेरीत खून झाला होता. खंडणीचा फोन म्हणजे काय, ते या शहराला शिकवावं लागत नव्हतं.

खऱ्या नावाच्या सिनेमात प्रसंग खरे आणि माणसं खोटी असं बऱ्याचदा होतं. 'सत्या'त ते उलट झालं. 'वास्तव'चंही (१९९९) काही प्रमाणात तसंच. त्यातला रघू छोटा राजनवरून घेतला अशी चर्चा असते, पण आई मुलाला गोळी घालते तो शेवट पूर्णपणे दिग्दर्शक महेश मांजरेकरांचा. राजनला २०१५ मध्ये बालीत अटक झाली आणि पत्रकार जे. डे यांच्या खुनात २०१८ मध्ये जन्मठेप.

११. गिरणी संपामुळे टोळ्या तयार झाल्या, हे सिनेमात दाखवतात ते बरोबर आहे का?

अर्धं. कॅलेंडर काढून बघा. कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. मन्या सुर्वे त्याच्या बरोबर एक आठवडा आधी मेला होता. भायखळा-सातरस्त्याकडची बाबू रेशीम, रमा नाईक, अरुण गवळी ही टोळी संपाच्या आधीची. मटका, हातभट्टी आणि तस्करी तर त्याहून जुनी. म्हणून 'संपाने गुंड जन्माला घातले' हे वाक्य तसंच्या तसं टिकत नाही.

पण संपाने टोळ्यांना माणसं पुरवली, हे खरं आहे. सुमारे अडीच लाख कामगार, घरी चूल थंड, वयात आलेली पोरं नाक्यावर. पुढे गिरण्यांच्या जमिनींचे व्यवहार सुरू झाले तेव्हा याच पोरांचा वापर झाला. या बाजूने जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरचा 'लालबाग परळ' (२०१०) कुठल्याही डॉनपटापेक्षा जास्त सांगतो. त्यात मध्यभागी डॉन नाही, घर आहे.

१२. 'डॅडी' आणि 'दगडी चाळ' यांत गवळीचं खरं आयुष्य कितपत आहे?

'दगडी चाळ' (२०१५) मुळात गवळीची गोष्ट नाहीच. नायक सूर्या काल्पनिक आहे. मकरंद देशपांडेंनी केलेला गवळीसारखा 'डॅडी' सूर्याच्या गोष्टीत येतो. 'डॅडी' (२०१७) हा सिनेमा मात्र चरित्राच्या जवळ जातो. बाबू रेशीमचा १९८७ मध्ये पोलीस कोठडीत घुसून झालेला खून, १९८८ मध्ये पोलिसांच्या गोळीने रमा नाईकचा मृत्यू, अखिल भारतीय सेना हा त्याचा पक्ष, २००४ ची चिंचपोकळीची आमदारकी आणि नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या २००७ मधल्या हत्येत झालेली जन्मठेप हे सार्वजनिक नोंदीतलं. त्यातला इन्स्पेक्टर विजयकर हे रचलेलं पात्र आहे. तीस वर्षांत बदललेले अनेक अधिकारी एका चेहऱ्यात कोंबले, की पाठलाग वैयक्तिक वाटतो. पोलीस खात्यात बदल्या होत असतात; सिनेमात होत नाहीत.

१३. कामाठीपुऱ्यातली कोठेवाली गंगूबाई खरंच नेहरूंना भेटली होती का?

तसं 'माफिया क्वीन्स ऑफ मुंबई' (२०११) या पुस्तकात आहे आणि सिनेमाने ते तिथूनच घेतलं. पुस्तकाचा आधार मुख्यतः कामाठीपुऱ्यात सांगितल्या जाणाऱ्या आठवणी. भेटीचा स्वतंत्र सरकारी कागद समोर ठेवलेला नाही. म्हणून हा प्रसंग 'सांगतात असं' या खान्यात ठेवावा. आपण तिचा दत्तक मुलगा आहोत असं सांगणारी व्यक्ती सिनेमा थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, ती मागणी फेटाळली गेली. पण प्रदर्शनाला परवानगी म्हणजे मजकुरावर सत्यतेचा शिक्का नव्हे. याबाबत बरेच वाचक गफलत करतात.

१४. जुन्या डॉनना उसूल होते, बायका-पोरांना हात लावत नसत, खरं का?

पटकथेचा उसूल आहे तो. दाऊदच्या बहिणीचा, हसीना पारकरचा नवरा टोळीयुद्धात मारला गेला आणि त्याचा सूड सप्टेंबर १९९२ मध्ये जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्डात घेतला गेला. त्यात पहाऱ्यावरचे पोलीसही मेले. सहा महिन्यांनी मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट. आणखी काही लिहावं असं वाटत नाही.

१५. एन्काउंटर झालं, की प्रकरण संपतं का? सिनेमात तर तिथेच पडदा पडतो.

कायद्यात प्रकरण तिथून सुरू होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार अशा प्रत्येक मृत्यूत गुन्हा नोंदवणं, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकारी चौकशी आवश्यक आहे. घटनेनंतर लगेच शौर्यपदक किंवा बढती देता येत नाही. लखनभैया प्रकरण पाहा. नोव्हेंबर २००६ मध्ये वर्सोव्यात 'चकमक' झाली. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने ती बनावट ठरवून पोलिसांना शिक्षा दिली. त्यात सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये जन्मठेप सुनावली. अठरा वर्षं. अडीच तासांत हे मावत नाही, म्हणून पडदा गोळीवर पडतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो.

१६. मग टोळ्या संपवल्या कुणी? एखाद्या डॅशिंग अधिकाऱ्याने?

अधिकाऱ्यांचा वाटा होताच. 'कंपनी'तल्या मोहनलालच्या आयुक्तामागे पोलीस अधिकारी डी. शिवानंदन होते असं मानतात. पण सिनेमात न दिसणारी दोन कारणं जास्त वजनदार आहेत. एक, सोनं. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला आणि १९९२ पासून परदेशातून परतणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून सोनं आणता येऊ लागलं. तस्करीतला नफाच आटला. (टोळ्या खंडणी आणि जमिनींकडे वळल्या त्याला हेही एक कारण.) दोन, १९९९ चा मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा. जामीन अवघड झाला आणि पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा ठरू लागला. चित्रपटसृष्टीलाच त्याची झळ बसली. 'चोरी चोरी चुपके चुपके'च्या पैशांवरून हिरे व्यापारी भरत शाह यांना २००१ मध्ये याच कायद्याखाली अटक झाली. मकोकाच्या आरोपातून ते सुटले. माहिती दडवल्याबद्दल मात्र २००३ मध्ये दोषी ठरले.

कलम आणि आयात शुल्क यांच्यावर गाणं बसवता येत नाही, ही दिग्दर्शकाची अडचण समजण्यासारखी आहे.

१७. नाव खरं, तारीख खरी, जागा खरी. तरी प्रसंग खोटा असू शकतो का?

असू शकतो, आणि हाच प्रकार ओळखायला सर्वांत कठीण. घटना पडताळता येते. घटनेच्या आत काय बोललं गेलं ते बहुधा येत नाही. प्रत्येक प्रसंगाला एक प्रश्न विचारायचा: हे कळलं कुणाकडून? साक्षीदाराने कोर्टात सांगितलं असेल आणि उलटतपासणीत टिकलं असेल, तर वजन जास्त. आरोपीच्या कबुलीजबाबात असेल, तर तो नंतर नाकारला गेला का हे पाहायचं. अधिकाऱ्याच्या आठवणीत असेल, तर तो स्वतःच्याच कारवाईबद्दल बोलतोय हे लक्षात ठेवायचं. खबऱ्याकडून पत्रकाराकडे, पत्रकाराकडून पुस्तकात आणि पुस्तकातून पटकथेत आलं असेल, तर वाटेत तीनदा रंग चढलेला असतो.

वडाळ्याच्या सिनेमातली पोलीस गाडी घ्या. मन्या सुर्वे दवाखान्याच्या वाटेवर मेला, इतकं नोंदीत आहे. सिनेमा त्या वाटेवर त्याच्याकडून सबंध आयुष्य वदवून घेतो. गाडीत होते ते सगळे पोलीस, आणि बोलणारा उतरायच्या आत गेला.